नाताळाआधीचे चार रविवार

महोदय,

नाताळ म्हटले की रोषणाई आठवते. त्याआधीचा आगमनकाळ, म्हणजे ख्रिस्तजन्माच्या तयारीचा काळ, मात्र अनेकांना ठाऊक नसतो. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी तो सुरू होतो. जांभळी वस्त्रे बाहेर निघतात, रविवारच्या मिस्सामध्ये (चर्चमधील मुख्य उपासनेत) ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गायले जात नाही. हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या. दर रविवारी एक वाढवत पेटवायची. तिसरी गुलाबी, आनंदाच्या रविवारची. (गुलाबी झगा घालताना मी अजूनही जरा संकोचतो!)

ही तयारी माझ्या एकट्याच्या आवाक्यातली नाही. चर्च झाडणाऱ्या मावशी, तालमीला न चुकता येणारा गायकवृंद, जुने मेण खरवडणारी मुले, सगळ्यांचे मनापासून आभार. प्रायश्चित्त संस्कारासाठी, म्हणजे पापांची कबुली ऐकण्यासाठी, मी संध्याकाळी जास्त वेळ बसणार आहे. शेवटच्या आठवड्यात रांग लावू नका, आधीच या.

— एक धर्मगुरू