वाळू धरून ठेवणारे पाहुणे

मरिना, कॅलिफोर्निया

ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी येथून जवळच असलेल्या फोर्ट ऑर्ड ड्यून्स स्टेट पार्कमध्ये जाऊन आलो. माँटेरे उपसागराच्या काठचा हा भाग पूर्वी लष्कराचा होता. सैनिक समुद्राकडे तोंड करून वाळूच्या टेकड्यांवर नेमबाजीचा सराव करीत, त्यामुळे वाळूत शिशाच्या गोळ्यांचा खच साठला होता. तळ १९९४ मध्ये बंद झाला, शिसे उपसण्यात आले आणि २००९ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले.

शिशापेक्षा चिवट ठरले ते आइस प्लांट. दक्षिण आफ्रिकेतून आलेली, घोळीसारखी पण बोटभर जाड पानांची ही वनस्पती येथे मुद्दामच लावली होती, कारण ती वाळू धरून ठेवते. तिने वाळू धरली खरी, पण टेकड्यांवर अशी सतरंजी अंथरली की स्थानिक झुडपांना जागाच उरली नाही. उपटताना तुकडा मागे राहिला तर तोही रुजतो, म्हणून हे काम वर्षानुवर्षे चालते.

मोकळ्या झालेल्या वाळूत आता रानटी बकव्हीट लावले आहे. आईच्या उपवासाच्या कुट्टूच्याच कुळातले हे झुडूप. स्मिथ्स ब्लू नावाचे इवलेसे निळे फुलपाखरू अंडी घालते ते त्याच्याच फुलांवर, आणि अळ्याही तीच फुले खातात. हे फुलपाखरू १९७६ पासून संकटग्रस्त यादीत आहे. मला ते दिसले नाही. त्याचा हंगाम उन्हाळ्यात असतो. खाली पुळणीवर आपल्याकडच्या चिखल्याचा भाऊबंद असलेला एक पक्षी नुसत्या खळगीत अंडी घालतो, म्हणून पायवाट सोडून जाण्यास मनाई आहे. एरवी मला असे फलक जाचक वाटतात, या वेळी वाटले नाहीत.

परतताना मला सारखी आपल्या किनाऱ्यावरची सुरूची बने आठवत होती. वाळू उडू नये म्हणूनच तुम्ही सर्वांनी ती रोपे लावलीत, पाणी वाहून जगवलीत, आणि त्या सावलीतच आम्ही खेळलो. तरी त्या काड्यांच्या थराखाली फारसे काही उगवत नाही, हेही लहानपणापासून पाहिले आहे. बन लावण्यापूर्वी त्या पुळणीवर मर्यादावेलीशिवाय आणखी काय काय उगवत असे, हे तुम्हाला आठवते का? आठवतील तेवढी नावे, आजी वापरायची ती, पुढच्या पत्रात कळवावीत.

आईस नमस्कार.

आपला,
अनिकेत