‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही

मराठी मुलांच्या इंग्रजीतील चुकांवरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. त्यात सगळा दोष व्याकरणाच्या कच्चेपणाला दिला आहे, ते पटले नाही. आपण विषया‘वर’ चर्चा करतो म्हणून मूल ‘डिस्कस अबाउट’ लिहिते. परीक्षा ‘देतो’ म्हणून ‘गिव्ह एक्झाम’. चुकते ती शब्दांची जोडी. मराठीत तरी शपथ ‘घेतात’ आणि हाक ‘मारतात’, याचा नियम कोण सांगेल? जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्न्बी यांनी १९४२च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात क्रियापदांच्या रचनाही, म्हणजे कोणत्या क्रियापदापुढे काय येते तेही, दिल्या होत्या. आपल्या वह्यांत मात्र अजूनही एका शब्दापुढे एक अर्थ, एवढेच! नुसते ‘डिपेंड’ नको, पहिल्या दिवसापासून ‘डिपेंड ऑन’ लिहून घ्यावे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा