पहिली मैफल छोट्या हॉलमधलीच असू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही वाचकांच्या पहिल्या लाइव्ह मैफलीच्या आठवणी छापल्यात त्या मी दोनदा वाचल्या, एकदा घाईत आणि एकदा रात्री निवांत, आणि खूप मस्त वाटलं. पण वाचता वाचता एक गोष्ट खटकत गेली. गर्दी किती होती, लाईट कसले भारी होते, तिकिटासाठी किती तास रांगेत उभं राहिलो हे सगळ्यांनी लिहिलंय, आवाज कसा होता हे मात्र फार थोड्यांनी. आणि एका मुलीनं लिहिलंय की ती इतकी लांब उभी होती की सगळा शो तिनं स्क्रीनवरच बघितला आणि घरी आल्यावर तिला कळेचना की आपण खरंच तिथे होतो का. ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

मला एवढंच सांगायचंय की कुणालाही, विशेषतः लहान मुलांना, आयुष्यातल्या पहिल्या लाइव्ह मैफलीला नेणार असाल तर छोट्या हॉलमध्ये न्या, पुढच्या तीन-चार रांगांत बसवा, स्टेडियम नंतर आहेच की. संगीत कुठलंही असो, शास्त्रीय, रॉक, गझल, जॅझ, मला त्यानं फरक पडत नाही.

मी स्वतः चौदा वर्षांची असताना मावशीबरोबर गेले होते. सतारीचा कार्यक्रम होता. कलाकारांची नावं मुद्दाम लिहीत नाही कारण मग पत्र त्यांच्याबद्दल होईल. तोपर्यंत मी सतार फक्त कॅसेटवर ऐकलेली, त्यामुळे माझ्या डोक्यात असं की सतार म्हणजे एक गुळगुळीत, सलग, कुठेही न अडणारा आवाज. आम्ही दुसऱ्या रांगेत कडेला, तबल्याच्या बाजूला बसलो होतो आणि मावशी म्हणाली, "सारखं सतारीकडे बघू नकोस गं, तबल्यावाल्यांचे हात बघ." त्यांनी आधी हातोडी घेऊन तबल्याच्या गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या विणलेल्या चामड्याच्या पट्टीवर, वरून एक ठोका, खालून एक ठोका, मग चाटेवर, म्हणजे वरच्या चामड्याच्या कडेला, बोटानं वाजवून बघायचं, परत जरासं फिरवून पुढच्या जागी ठोका, असं गोल गोल करत अख्खा तबला लावला, म्हणजे सुरात आणला. तिकडे सतारीच्या तरफेच्या तारा (मुख्य तारांखालच्या, आपोआप घुमणाऱ्या बारीक तारा) एकेक करून लागत होत्या आणि मागे तानपुरा चालूच. मला तर हाच कार्यक्रम वाटत होता! दोन वेगळे आवाज हळूहळू जवळ जवळ येतात, मध्ये जी थरथर असते ती कमी कमी होत जाते आणि मग एका क्षणी दोन्ही एक होतात, हे कानानं कळणं म्हणजे काय ते मला त्या दहा मिनिटांत समजलं. कॅसेटमध्ये हे कधीच नव्हतं, तिथे सगळं लावून झाल्यावरच रेकॉर्डिंग सुरू होतं ना.

इथे एक प्रसिद्ध किस्सा सांगावासा वाटतो. 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी तो मोठा कार्यक्रम झाला, बीटल्स या बँडमधला जॉर्ज हॅरिसन आणि सतारवादक पंडित रविशंकर यांनी मिळून केलेला. सुरुवातीला रविशंकर, सरोदवाले अली अकबर खाँ आणि तबल्यावाले अल्लारखाँ यांनी वाद्यं लावली आणि ती लावून होताच लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. तेव्हा रविशंकर म्हणाले की तुम्हाला नुसतं लावणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. लोक हा किस्सा हसायला सांगतात पण मला त्या टाळ्या वाजवणाऱ्यांचं कौतुकच वाटतं. त्यातल्या कितीतरी जणांनी सतार समोर पहिल्यांदाच ऐकली असणार आणि त्यांच्या कानांना ते लावणंसुद्धा गोड लागलं, यात चुकीचं काय आहे?

तर माझ्या मैफलीत साधारण अर्धा-पाऊण तास झाला असेल, गत, म्हणजे तबल्याबरोबर वाजवायची बंदिश, रंगात आलेली आणि अचानक टण्ण असा आवाज होऊन बाजाची, म्हणजे सतारीची मुख्य, तार तुटली. मला वाटलं संपलं आता, पडदा पडणार. पण सतारवाल्यांनी मान सुद्धा वर केली नाही, शांतपणे शेजारच्या डबीतून नवी तार काढली आणि चढवायला लागले, आणि तबल्यावाल्यांनी ठेका सोडला नाही, एकदम हलका केला, साधा तीनताल, इतका हळू की डग्ग्यावर घासत जाणारं मनगट ऐकू येत होतं. हॉलमधलं कुणी उठलं नाही, कुणी बोललं नाही. दोन-तीन मिनिटं गेली असतील, तार चढली, खुंटी पिळून त्यांनी ती सुरात आणली, दोनदा वाजवून बघितली, आणि मग तबल्याकडे बघून जी एक तान घेतली ती बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली आणि अख्ख्या हॉलच्या माना एकदम खाली गेल्या, "वा" सुद्धा एकाच वेळी. सम म्हणजे काय हे मला कुणी बोटं मोजून शिकवलं नाही, त्या तीनशे माना खाली जाताना बघून कळलं. माझीही मान गेली होती आणि ती मी ठरवून हलवली नव्हती.

ही तार तुटलेली मैफल रेकॉर्ड झाली असती तर ती दोन-तीन मिनिटं एडिटिंगमध्ये पहिली कापली असती हो, आणि माझ्याकडे आज त्या संध्याकाळचं जे काही शिल्लक आहे ते नेमकं तेवढंच आहे. कुठला राग वाजवला ते मला आठवत नाही, मावशीलाही नाही.

मोठ्या मैदानात हे होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण तिथे साध्या गोष्टी आड येतात. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तुम्ही स्टेजपासून शंभर मीटर लांब असाल तर स्टेजवरचा आवाज तुमच्यापर्यंत पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो, आणि स्क्रीनवर मात्र ड्रमची काडी आधीच पडलेली दिसते. म्हणून मैदानात मध्ये मध्ये वेगळे स्पीकर उभे करतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, नाहीतर पुढचा आणि जवळचा आवाज एकमेकांवर चढून नुसता गोंधळ होईल. साउंडवाल्यांचं हे काम खरंच अवघड आणि नावाजण्यासारखं आहे. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्या पोराला हात हलला आणि आवाज आला यातला संबंध डोळ्यांसमोर जुळायला हवा, आणि लांबून तो जुळत नाही.

आणि मोठं म्हणजे ऐकू आलंच असं पण नाही. 15 ऑगस्ट 1965 ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा शो झाला, 55 हजारांहून जास्त लोक, त्या काळात एवढं मोठं काही फारसं झालेलं नव्हतं. कार्यक्रम जेमतेम अर्धा तास, आवाज स्टेडियमच्या अनाउन्समेंटच्या स्पीकरमधून, आणि लोकांच्या किंकाळ्याच इतक्या की वाजवणाऱ्यांनाही आपण काय वाजवतोय ते नीट ऐकू येत नव्हतं. एका वर्षानं, 1966 च्या ऑगस्टमध्ये, त्यांनी टूर करणंच सोडलं. तिथे गेलेल्यांना ती रात्र जन्मभर पुरली असेल, मला त्यांच्याबद्दल काही वाईट म्हणायचं नाहीये, पण गाणं ऐकलं असं त्यांच्यापैकी किती जणांना म्हणता येईल?

उलट बाजूचं एक उदाहरण मला फार आवडतं. 4 जून 1976, मँचेस्टरमधला एक छोटा हॉल, सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा शो, माणसं कशीबशी चाळीसेक असं सांगतात. त्या चाळिसातल्या पीटर हूकनं दुसऱ्या दिवशी जाऊन बेस गिटार विकत घेतली आणि सोबत आलेल्या बर्नार्ड समनरबरोबर पुढे जॉय डिव्हिजन हा बँड काढला. जवळून बघितलं की आपल्यालाही हे करता येईल असं वाटतं, कारण वाजवणारा तुमच्याएवढाच माणूस दिसतो, त्याला घाम येतो, तो चुकतो. गंमत म्हणजे पुढे त्या शोला आम्ही होतो म्हणणारे लोक इतके झाले की तो हॉल दहा वेळा भरला असता, आणि मला हे खोटं वगैरे वाटत नाही, लोकांना तिथे असायला हवं होतं असं इतकं मनापासून वाटत असणार.

अमेरिकन गायक बॉब डिलननं तर नोबेलच्या भाषणाची सुरुवातच अशा एका रात्रीनं केलीय. 1959 च्या जानेवारीत तो पोरसवदा असताना बडी हॉली या रॉक अँड रोल गायकाला ऐकायला गेला, जेमतेम सहा फुटांवर उभा होता, आणि बडी हॉलीनं सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. काय दिलं ते माहीत नाही पण काहीतरी दिलं असं तो म्हणतो. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच, 3 फेब्रुवारीला, बडी हॉली विमान अपघातात गेला, वय फक्त 22. मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात ते सहा फूट राहिले.

मोठ्या गर्दीची पण एक मजा असते हे मान्य आहे. 13 जुलै 1985 च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात क्वीन बँडच्या गाण्यावर लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममधले सत्तर हजार लोक एका तालात टाळ्या वाजवताना बघितले तर आजही अंगावर काटा येतो, छोट्या हॉलमध्ये ते कुठून येणार. पण तो आनंद गर्दीचा भाग होण्याचा आहे, आधी ऐकायला शिकलेल्या माणसाला तो दुप्पट मिळतो असं माझं मत.

आता एक जरा काळजीची गोष्ट. तुम्ही छापलेल्या आठवणींपैकी तिघांनी अगदी अभिमानानं लिहिलंय की दोन दिवस कानात शिटी वाजत होती. कृपा करून याला मैफलीची खूण समजू नका. कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि ती शिटी म्हणजे त्यांना मार बसल्याची तक्रार असते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी नियमावली काढलीय, त्यात आवाज सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये आणि लोकांना कानात घालायचे प्लग मिळावेत असं सांगितलंय. आवाज 3 डेसिबलनं वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते हा हिशोब धरला तर 85 डेसिबलला आठ तास चालतात आणि 100 ला फक्त पाव तास. म्हणून मोठ्या शोला पोरांना नेताना प्लग न्याच. स्पीकरच्या तोंडासमोर तर उभं करूच नका, आणि हेच छोट्या हॉललाही लागू आहे, तिथेही काही जण उगाच आवाज फोडतात.

संपादकसाहेब, एक विनंती आहे. पुढच्या वेळी आठवणी मागवाल तेव्हा वाचकांना विचारा की तुम्ही कितव्या रांगेत होता, आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी काय ऐकलं. एवढ्या दोन प्रश्नांनी वेगळंच काहीतरी हाती लागेल बघा. पत्र मोठं झालंय, कापायचं तर कापा, पण तार तुटल्याचं तेवढं राहू द्या.

पुढच्या महिन्यात माझ्या बहिणीच्या मुलीला, ती बारा वर्षांची आहे, तिच्या पहिल्या मैफलीला घेऊन चाललेय, सरोद आणि तबला, दुसरी रांग, तबल्याची बाजू. काल तिनं फोनवर विचारलं, "मावशी, त्यांची रेकॉर्डिंग्ज आधी ऐकून ठेवू का?" मी म्हटलं नको, फक्त आपण अर्धा तास आधी जाऊया, वाद्यं लावताना आपण जागेवर पाहिजे.

आपली एक नेहमीची वाचक