कदंब कुणाचे ते राहू दे, हलशीला नीट बोर्ड तरी लावा

मा. संपादक, स.न.वि.वि.

कदंब राजे कन्नड की मराठी यावर आपल्या पेपरात जी पत्रं चाललीयत ती वाचतोय. दोन्हीकडचे तावातावाने लिहिताहेत, खरं त्यातल्या किती जणांनी कदंबांची जुनी राजधानी हलशी (ता. खानापूर, जि. बेळगाव) बघितलंय देव जाणे. आमच्या खानापूर तालुक्यात कदंबा म्हटलं की पोरांना त्या नावाची गोव्याची सरकारी बस आठवते. त्या बसवरचा सिंह याच घराण्याचा, त्यांच्या नाण्यांवर पण सिंहच असायचा, हे त्यांना सांगणार कोण?

पहिली गोष्ट, कदंब एक नव्हेत. बनवासीचे जुने कदंब चौथ्या ते सहाव्या शतकातले, त्यांची दुसरी राजधानी पलाशिका म्हणजे आपलं हलशी, त्यांचे ताम्रपट हलशीतच सापडले. गोव्याचे कदंब त्यानंतर कितीतरी शतकांनी आले, चांदर नि मग गोपकपट्टण (आजचं गोवा वेल्हा) त्यांच्या राजधान्या. पत्रं लिहिणारे या दोघांची खिचडी करून भांडताहेत. गोव्याच्या कदंबांकडे घाटाखालचं कोकण ९०० आणि घाटावरचं पलसिगे १२००० (म्हणजे हलशीकडचा प्रांत; प्रांताच्या नावाला तेव्हा असे आकडे जोडत) असा मुलूख होता, म्हणजे आज पणजीहून बेळगावला येताना आपण जी राज्याची हद्द ओलांडतो ती त्यांच्या लेखी नव्हतीच, बंदराचा माल घाट चढून वर यायचा आणि जकात एकाच घरात जायची. जयकेशी दुसरा हा तर कल्याणीच्या चालुक्यांचा जावई, विक्रमादित्य सहावा त्याचा सासरा.

त्याच जयकेशीचा मुलगा शिवचित्त पेर्माडी. हलशीच्या नरसिंहाच्या देवळातला लेख याच्याच काळातला, त्यात कलियुगाचं ४२७० वं वर्ष दिलंय, म्हणजे ११६९ साल. देऊळ पण न्यारंच, दोन गाभारे समोरासमोर, एकीकडे नरसिंह आणि दुसरीकडे पृथ्वीला उचलून धरलेला भूवराह, मधे उभं राहिलं की नमस्कार आधी कुणाला करायचा तेच कळत नाही. वराह नंतर शिवचित्ताच्या भावानं, विष्णुचित्त विजयादित्यानं बसवला. आणि शिवचित्ताची राणी कमलादेवी, तिनं कित्तूर तालुक्यात देगावला कमलनारायणाचं देऊळ बांधलं. त्यात तीन गाभारे आहेत आणि नक्षी अशी की मान वर करून करून दुखायला लागते. मला विचाराल तर हलशीपेक्षा देगाव देखणं.

लेख संस्कृत आणि कन्नडमधले आहेत, ते मान्य करायला कसला कमीपणा? आणि आज त्या वराहापुढं नारळ फोडणारे आम्ही मराठी बोलतो हे मान्य करायला तरी समोरच्यांना काय जड जातंय? कदम आडनावाचा विषय मी काढतच नाही, त्याला वेगळं पत्र लागेल.

माझी तक्रार साधी आहे. देवळाशी बोर्ड आहे तो नुकसान केलं तर दंड होईल एवढं सांगतो, बांधलं कुणी, कधी, काही नाही. बाहेरून आलेली माणसं फोटो काढतात आणि निघून जातात. शिवचित्त, कमलादेवी, विष्णुचित्त यांची नावं आणि सालं असलेला एक बोर्ड कन्नड नि मराठी दोन्हीत लावा, रविवारी तरी बेळगावहून नंदगडमार्गे हलशीला थेट बस सोडा. देगावलाही सोडली तर उत्तमच. भांडणारे दोन्हीकडचे एकाच बसमधनं जाऊ देत की, वाटेत काय ते भांडतील.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर