चार्जरची ओळख पटत नाही म्हणून अडवून ठेवलेल्या लॅपटॉपबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : चार्जर ओळखता न आल्याने लॅपटॉपचा वेग घटणे व चार्जिंग बंद पडणे, तसेच बॅटरीची ८० टक्के मर्यादा अपडेटनंतर काढून घेतली जाणे.

महोदय / महोदया,

तुमच्या कंपनीचा लॅपटॉप मी तीन वर्षे रोज आठ-दहा तास वापरते आहे. मुद्रितशोधन हे माझे काम. गेले पाच आठवडे या लॅपटॉपवर ते धड होत नाही, आणि ज्यामुळे होत नाही ती गोष्ट केसाएवढ्या जाडीची एक तार आहे.

एके सकाळी लॅपटॉप सुरू करताच काळ्या पडद्यावर सूचना आली : चार्जर ओळखता आला नाही, बॅटरी चार्ज होणार नाही. चार्जर तुमचाच, लॅपटॉपच्या खोक्यातून आलेला. सूचना बाजूला सारून मी काम उघडले. ‘लक्ष्य’ हा शब्द टाइप करून बोटे उचलली तेव्हा पडद्यावर नुसता ‘ल’ उमटला होता. मग ‘क’ आला, थोड्या वेळाने त्याचा ‘क्ष’ झाला, आणि ‘य’ येईपर्यंत पुढचा शब्द माझ्या डोक्यातून निघून गेला होता. तीनशे पानांचे प्रूफ अशा यंत्रावर कसे तपासायचे?

तुमच्या सेवा केंद्रात लॅपटॉप न उघडताच सांगण्यात आले की मदरबोर्ड, म्हणजे लॅपटॉपचा मुख्य सर्किट-बोर्ड, बदलावा लागेल. माझा त्यावर विश्वास बसला नाही, म्हणून ओळखीच्या तंत्रज्ञाकडे गेले. त्यांनी मल्टिमीटर लावला : चार्जरमधून १९.५ व्होल्ट व्यवस्थित येत होते. तुमचाच दुसरा चार्जर लावून पाहिला, तरी तीच सूचना. मग मागचे झाकण काढले. चार्जिंगच्या जॅकमधून निघणाऱ्या, वीज वाहणाऱ्या जाड तारा शाबूत होत्या. मधल्या बारीक पिनची तार मात्र प्लास्टिकच्या आत, डाग देऊन (सोल्डर करून) जोडता येणार नाही अशा जागी तुटलेली होती. या तारेतून वीज येत नाही. चार्जरमधली छोटी चिप ‘मी अमुक कंपनीचा, ६५ वॅटचा’ एवढीच माहिती त्या तारेवरून लॅपटॉपला देते.

ही माहिती कशासाठी लागते ते मला कळते. कमी ताकदीचा चार्जर लावला आणि लॅपटॉपने जास्त वीज ओढली तर चार्जर तापेल, ही काळजी रास्त आहे. पण माहिती मिळाली नाही तर सावकाश चार्ज करता आले असते. तुमचा लॅपटॉप चार्जिंग पूर्ण थांबवतो, आणि वर प्रोसेसरला खोटा इशारा देतो. प्रोसेसर तापला की त्याला वेग कमी करायला सांगणारा ‘प्रॉकहॉट’ नावाचा सिग्नल असतो. तोच तुमचा बोर्ड बाहेरून चालू करून ठेवतो, असे तंत्रज्ञांनी मला पडद्यावर दाखवले. त्या वेळी प्रोसेसरचे तापमान होते ४१ अंश. बॅटरी पूर्ण काढून, फक्त चार्जरवर चालवून पाहिले तरी फरक पडला नाही. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, चार्जरची सूचना बंद करण्याची सोय आहे. ती वापरली, सूचना थांबली, वेग तसाच राहिला. म्हणजे तक्रार दिसू नये एवढीच सोय तुम्ही ठेवली आहे.

जॅक सुटा मागितला तर ‘सुटा भाग ग्राहकांना मिळत नाही’ असे उत्तर आले. तो बोर्डावर डागलेला नाही, दोन स्क्रू काढले की हातात येतो. त्यासाठी चांगला चालणारा अख्खा बोर्ड फेकून द्यायचा, हे मला पटत नाही.

रॅमबद्दल मी तक्रार करत नाही. ती बोर्डावर डागलेली आहे हे घेतानाच वाचले होते, आणि कमी विजेवर चालणारी रॅम प्रोसेसरच्या अगदी जवळ बसवावी लागते, हे कारणही खरे आहे. जॅकला आणि त्या चिपला असे कोणते कारण आहे? यूएसबी टाइप-सी केबलवर चार्जर आणि लॅपटॉप आपसात वीज ठरवून घेतात, कोणत्याही कंपनीचे असले तरी. २०२१ पासून टाइप-सी चार्जिंगच्या त्या मानकाची मर्यादा १०० वरून २४० वॅटवर गेली आहे, मला लागतात ६५. युरोपीय संघाने लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग सक्तीचे करण्यासाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. माझ्या लॅपटॉपला टाइप-सीचे छिद्र आहे, पण त्यातून चार्जिंग घ्यायचे नाही असे तुम्ही ठरवलेत.

दुसरी तक्रार सॉफ्टवेअरची. लॅपटॉप दिवसभर प्लगवर असतो, म्हणून बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय मी पहिल्या दिवसापासून वापरत होते. लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. गेल्या वर्षीच्या अपडेटनंतर ती सोय तुमच्या खात्यात लॉग-इन केल्याशिवाय उघडत नाही, आणि अपडेटने मर्यादा आपोआप १०० वर नेली. मला हे कळले दोन महिन्यांनी. बॅटरी कुठे थांबवायची यासाठी माझा ईमेल आणि फोन नंबर का लागावा, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

माझ्या मागण्या अशा. जॅक सुटा विकत द्या, मी स्वतः बसवून घेईन. चार्जर ओळखता आला नाही तरी वापरकर्त्याच्या जबाबदारीवर पूर्ण वेगाने काम करता येईल, असा पर्याय बायोसच्या पुढच्या अपडेटमध्ये द्या. बॅटरीची मर्यादाही बायोसमध्येच ठेवा, म्हणजे खात्याचा प्रश्न येणार नाही. आणि या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका सर्वांसाठी खुली करा. १९८१ साली आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत सर्किटच्या आकृत्या आणि बायोसचा प्रोग्रामसुद्धा छापला होता. मी तर फक्त कोणता स्क्रू कुठे आहे आणि कोणत्या भागाचा क्रमांक काय, एवढेच मागते आहे.

तुटलेल्या तारेचे फोटो, तापमान आणि वेग एकत्र दिसणारा स्क्रीनशॉट व बिलाची प्रत सोबत जोडली आहे. याआधीच्या तीन तक्रारींना ‘लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा’ हे एकच उत्तर आले. तो उपाय करून झाला आहे. या वेळी पत्र वाचलेल्या व्यक्तीने पंधरा दिवसांत उत्तर द्यावे, ही विनंती.

आपली,
एक ग्राहक