मनू, सुकतीची वेळ बघून जा गं

मनू,

काल फोनवर मी ओरडले ते मनात ठेवू नकोस. रविवारी संकष्टी होती, मी चंद्राची वाट बघत बसलेले आणि तेवढ्यात तुझा फोटो आला, कर्लीच्या खाडीत होडी, होडीत तू एकटी, मागे सगळं केशरी. फोटो सुंदरच होता, पण माझं लक्ष आधी वेळेवर गेलं. साडेपाच.

तुला वाटतं आईला पाण्याची भीती. अगं मी देवबागात वाढले, आणि मीच तर तुला सांगितलेलं ना की समुद्राकडे स्कुबा, पॅरासेलिंगवाल्यांची गर्दी असते, तू आपली रस्ता ओलांडून माडांतून खाडीकडे जा. दोन पाण्यांच्या मधली चिंचोळी पट्टी ती, सकाळ खाडीवर आणि संध्याकाळ दर्यावर. तू गेलीस, तिवरांवरचा खंड्या, चिखलात बसून कालवं काढणाऱ्या बायका, पलीकडची कोरजाईची जेटी, सगळं लिहून पाठवलंस, मी बाबांना दोनदा वाचून दाखवलं. पुण्यात वाढलेली माझी पोर आजीच्या बंद घराचं कुलूप उघडून एकटी राहते, वल्हं मारायला शिकते, हे मी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलंय.

पण सुकती, म्हणजे ओहोटी, मनू. तात्यांचा हिशोब मी तुला सांगितलाच नाही ही माझीच चूक. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन, म्हणजे रविवारी तीनला भरती होती आणि तिथून सहा तास पाणी उतरणार. साडेपाचला ऐन सुकती. नदीचं पाणी आणि ओहोटी दोघं मिळून तेव्हा होडी संगमाकडे ओढतात, वर शांत दिसतं म्हणून कळत नाही. आणि संगमावर, बोटवाले ज्याला त्सुनामी आयलंड म्हणतात तिथून पुढे, वाळू जागा बदलत राहते, मागच्या वर्षी कमरेएवढं पाणी होतं तिथे यंदा तेवढंच असेल असं धरून चालू नको. पोहता येतं म्हणालीस. पोहता बाबल्यालाही येत होतं.

जाऊदे, ते नाही लिहायचं ठरवलेलं.

पुन्हा शाळा घ्यायला लागले बघ. सॉरी. तू 26 वर्षांची आहेस, मला कळतं.

मी नऊ वर्षांची असताना तात्यांनी मला पहिल्यांदा होडीत बसवलं, भोगव्याला कुणाकडे तरी नारळ द्यायचे होते. जाताना भरती होती, अलगद गेलो. परत यायला उशीर झाला तर तात्यांनी होडी पाण्यात घातलीच नाही, आम्ही पलीकडेच कुणाच्या तरी ओटीवर झोपलो आणि इकडे आई रात्रभर कंदील घेऊन खाडीवर उभी. सकाळी ती तात्यांना एक शब्द बोलली नाही. मला मात्र केस विंचरताना म्हणाली, "रव्लंस ता बरा केलंस गो." राहिलीस ते बरं केलंस, असं. तेव्हा मला वाटलं आता ओरडा बसणार, पण ती नुसती विंचरतच राहिली, खूप वेळ. ती कंदील घेऊन उभी असलेली मी काही बघितली नव्हती, पण रविवारपासून तीच डोळ्यासमोर येते.

होडी सोड असं मी म्हणत नाहीये. खरंच नाही. फक्त संगमाकडे नको, आणि सुकतीला नको.

उद्या षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. तीनला निघालीस तर पाणी चढतं असेल, चारपर्यंत वरच्या अंगाला तिवरांत फिर आणि साडेचारला पाणी थांबतं तेव्हा परत ये. काकींना सांगून जा. मागच्या दाराच्या कडीला खोबरेल लाव, खाऱ्या वाऱ्याने धरते ती. आणि काठाला लागलीस की फोन नको करूस हवं तर, नुसता मिस कॉल दे.

आई