विषय: डावा क्रँक बदलून देण्यास नकार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनशी चौथ्यांदा बोलले आणि फोन ठेवून लगेच हे लिहायला बसले.

सायकल तुमच्याच शोरूममधली, जोडून दिली तुमच्याच माणसाने. अकराव्या दिवशी नळ स्टॉपला सिग्नल सुटला, मी जोर लावला आणि डावं पॅडल निखळून पडलं. मागे पीएमपीची बस होती. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला म्हणून गुडघ्यावर निभावलं.

डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ते तिरपं धरून पान्याने रेटलं तर त्याची पोलादी दांडी ॲल्युमिनियमच्या क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे कापते. माझ्या क्रँकच्या भोकात तो कीस अजून दिसतो. फोटो तीनदा पाठवलेत.

सायकल ढकलत नारायण पेठेतल्या दुकानात नेली. तिथल्या काकांनी बॅटरी मारून पाहिलं, पान्याला हातही लावला नाही. म्हणाले, "ताई, भोकात नव्या आट्यांची बुश बसवून देईन, पण मग कंपनी माझ्यावर ढकलेल. आधी त्यांच्याकडे जा." एक रुपया घेतला नाही.

आणि आजचा तुमचा माणूस म्हणतो, "लोकल मेकॅनिकने हात लावलाय, वॉरंटी गेली."
म्हटलं, हात लावला नाही, फक्त पाहिलं.
"पण दाखवली ना?"
हो, दाखवली. भर रस्त्यात मोडलेली सायकल माणूस आणखी कुठे नेणार? मग आटे कापले कसे, एवढंच विचारलं. तर म्हणाला, "उभं राहून पॅडल मारत असाल." उलट्या आट्यांचं सांगायला लागले, तर मध्येच तोडून, "मॅडम, घरात कोणी जेंट्स असतील तर त्यांना फोन द्या, त्यांना समजावतो."

सायकल माझी, पैसे माझे, गुडघा माझा. मी सोळा वर्षं सायकलने ऑफिसला जाते. ते 'जेंट्स'चं वाक्य तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, ते तुम्ही स्वतः ऐका.

वडिलांची बावीस इंची तुमच्याच कंपनीची होती. तिचा क्रँक पक्का धरणारी कॉटर पिन कोपऱ्यावरच्या कुठल्याही दुकानात मिळायची. आज तुमचा क्रँक दुकानदाराला विकत मिळत नाही आणि तुम्ही बदलून देत नाही. त्या नावावर विश्वास ठेवून सायकल घेतली, याचं फार वाईट वाटतं.

पुन्हा सांगते, आटे तुमच्या माणसाने कापलेत. आठ दिवसांत डावा क्रँक आणि पॅडल मिळालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पुण्याच्या जिल्हा आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

नुसता माल पाठवा, माणूस नको. बसवायला काका आहेत.